तळघरातली बेगमी

एप्रिल उजाडला की आमच्या आजीच्या घरी युद्धाची तयारी सुरू व्हायची. गच्चीवर कुरडया, पापड, सांडगे. माळ्यावर वर्षाचे गहू, त्यात कडुनिंबाचा पाला. चिंचेचे मीठ लावलेले गोळे, लोणच्याच्या बरण्या, त्यांच्या तोंडाला बांधलेली पांढरी फडकी. पाऊस पडायच्या आत वर्षाची बेगमी झालीच पाहिजे, हा तिचा फंडा. ‘आजी, कोपऱ्यावरच्या दुकानात सगळं मिळतं गं’ असं मी म्हणायचे. त्यावर ती फक्त ‘हं’ म्हणायची. त्या ‘हं’मध्ये दुष्काळ, रेशन आणि रॉकेलची रांग असं सगळं असायचं.

हे सगळं परत आठवलं ते पुण्यात नाही, थेट न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये. ऑगस्ट २०२४. मामेबहिणीच्या लग्नाला गेले होते. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मामा म्हणाला, ‘चल, तुला माझं म्युझियम दाखवतो.’ मामीनं डोळे फिरवले. आम्ही बेसमेंटमध्ये उतरलो. मामानं ट्यूब लावली आणि मी बघतच राहिले. भिंतीला लागून चार फळ्यांचं रॅक. त्यावर काचेच्या बरण्या आणि गोल चपटे डबे, लेबलं समोर करून, एका ओळीत. प्रत्येकावर मार्करनं तारीख. टोटल आजीचा माळा! फक्त लोणच्याच्या जागी तंबाखू होती.

पाइपची तंबाखू. मोजली, १४४ डबे भरतील एवढी. बरण्यांमध्ये काढून ठेवलेली धरून.

थोडं मामाबद्दल. १९९७ साली वायटूकेच्या लाटेत तो तिकडे गेला. तेव्हा ऑफिसमध्ये एक म्हातारा प्रोग्रॅमर होता, तो पाइप ओढायचा. त्यानं ह्याला एक जुना पाइप दिला. आपल्याकडे पाइप म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो हिंदी सिनेमातला गाउन घातलेला श्रीमंत बाप. मामाचं तसं नाही. तो पाइप ओढतो तो गराजच्या दारात, फोल्डिंगच्या खुर्चीवर, हाफ पँटमध्ये. रोज नाही. आठवड्यातून चार वेळा, रात्री जेवण झाल्यावर. एक पाइप भरायला साधारण तीन ग्रॅम तंबाखू लागते आणि डबा असतो पन्नास ग्रॅमचा. म्हणजे महिन्याला एक डबा. हे गणित लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पण १४४ डबे कशाला?

‘अगं, २०१६,’ मामा म्हणाला. एखाद्यानं ‘अगं, बहात्तरचा दुष्काळ’ म्हणावं त्या आवाजात.

झालं असं. अमेरिकेत २००९ साली तंबाखूवर नियंत्रणाचा मोठा कायदा आला आणि सिगारेट एफडीएच्या हाताखाली गेली. पाइपची तंबाखू तेव्हा सुटली होती. मे २०१६ मध्ये एफडीएनं नवा नियम काढला आणि पाइपची तंबाखू, सिगार, हुक्का, ई-सिगारेट सगळ्यांना त्याच कायद्याखाली आणलं. अंमल ८ ऑगस्ट २०१६ पासून. त्या तारखेनंतर कुठलंही नवं ब्लेंड मंजुरीशिवाय बाजारात आणायचं नाही. आणि जे ब्लेंड १५ फेब्रुवारी २००७ या दिवशी बाजारात नव्हतं, त्याच्यासाठी पुढेमागे कागदपत्रं देऊन मंजुरी घ्यायची. दुकानदार स्वतः दोन-तीन तंबाखू मिसळून ‘आमचं खास मिक्श्चर’ म्हणून विकायचा ना, तोसुद्धा आता कारखानदार ठरला. कारखानदाराला लागू होणारं सगळं त्याला लागू.

आता पाइपचा धंदा म्हणजे काही सिगारेटसारखा अब्जावधींचा नाही. छोट्या कंपन्या, एकेका कंपनीची डझनावारी ब्लेंड्स. प्रत्येक ब्लेंडसाठी वेगळी फाइल कोण करणार? त्यापेक्षा ब्लेंडच बंद करतील, असा सरळ हिशोब पाइपवाल्यांनी मांडला आणि सगळे खरेदीला सुटले.

त्यांच्या घाबरण्यामागे आणखी एक किस्सा आहे, आणि तो जाम मजेदार आहे. एप्रिल २००९ मध्ये अमेरिकेनं तंबाखूवरचा केंद्रीय कर वाढवला. हातानं वळायच्या सिगारेटच्या तंबाखूवर पाउंडामागे १.१० डॉलर होता, तो थेट २४.७८ डॉलर केला. पाइपच्या तंबाखूवर मात्र फक्त २.८३ डॉलर. मग काय? काही कंपन्यांनी वळायच्या तंबाखूच्या पिशवीवर ‘पाइप टोबॅको’ असं छापलं आणि ती विकायला लागले. जानेवारी २००९ मध्ये महिन्याला साधारण २ लाख ४० हजार पाउंड पाइपची तंबाखू खपत होती. सप्टेंबर २०११ मध्ये ती ३० लाख पाउंडांच्या वर गेली! एवढे शेरलॉक होम्स अचानक कुठून उगवले? उगवले नव्हतेच. लेबल बदललं होतं. ही पळवाट बुजवायला सरकार कधीतरी येणार आणि त्यात आपण चेंगरणार, ही धास्ती खऱ्या पाइपवाल्यांच्या मनात तेव्हापासून होती.

तर जुलै २०१६. मामानं एक्सेल उघडलं. आयटीवाला माणूस, दुसरं काय उघडणार? महिन्याला एक डबा, वर्षाला बारा. तो तेव्हा ५१ वर्षांचा होता. २० वर्षांचे झाले २४० डबे. एका डब्याची किंमत तेव्हा दहा डॉलरच्या आसपास. त्यानं क्रेडिट कार्ड काढलं आणि तीन आठवड्यांत २४० डबे घरी आणले. मामी म्हणाली, ‘एवढे तांदूळ भरले असतेस तर कीड लागली असती.’ मामा म्हणाला, ‘ह्याला कीड नाही लागत, हे मुरतं.’

आणि हे खरंच आहे. व्हर्जिनिया जातीच्या तंबाखूत साखर असते. हवाबंद बरणीत ती वर्षानुवर्षं मुरते, तिखटपणा कमी होतो, चव गोडसर होते. लोणच्यासारखंच, बॉस. उलट लटाकिया नावाची धुरावलेली तंबाखू असते, सिरियातल्या बंदराचं नाव तिला पडलंय. तिचा धुरकट वास वर्षांगणिक उतरत जातो. त्यामुळे लटाकिया आधी संपवायची, व्हर्जिनिया मागे ठेवायची. मामाच्या रॅकमध्ये हा सगळा क्रम लावलेला. आजीनं त्याला पैकीच्या पैकी मार्क दिले असते.

मी विचारलं, ‘पण वीसच वर्षं का? ७१ पर्यंतच का?’

मामा एक डबा सरळ करत होता. सरळच होता तो. म्हणाला, ‘आप्पा एकाहत्तराव्या वर्षी गेले ना.’

पुढे काही बोलला नाही. मीही नाही.

आता पुढे काय झालं ते ऐका. मामा ज्याला घाबरला होता ते घडलंच नाही. निदान तसं नाही. एफडीएच्या मुदती पुढे ढकलल्या गेल्या, मग कोर्टकज्जे झाले. पाइपच्या आणि सिगारच्या पाकिटांवर मोठे इशारे छापायची सक्ती होती, ती जुलै २०२० मध्ये वॉशिंग्टनच्या अपील कोर्टानं रद्द केली. आज एडिसनमध्ये बसून पाइपची तंबाखू मागवता येते. महाग झालीय, पण मिळते.

आणि जे खरंच बंद झालं, ते भलत्याच कारणानं. कॅन्ससमधली... चुकले, मिझुरीमधल्या कॅन्सस सिटीतली मॅक्लेलंड नावाची कंपनी. पाइपवाले तिच्या ‘फ्रॉग मॉर्टन’वर अक्षरशः फिदा होते. १९७७ पासूनची ही कंपनी २०१८ मध्ये बंद पडली. का, तर हवी तशी पानं शेतातूनच मिळेनात. कायद्याची वाट बघत बसलेल्यांना शेतकऱ्यानं गाठलं! त्याच सुमारास डनहिल ह्या नावाची पाइपची तंबाखूही बाजारातून गेली. ज्यांच्याकडे डनहिलचं ‘नाइटकॅप’ होतं ते राजे झाले. मामाकडे ४० डबे होते. लोक मागे लागले, चढ्या भावानं देतोस का म्हणून. त्यानं एक दिला नाही. २०१९ मध्ये तेच ‘नाइटकॅप’ पीटरसन ह्या नावाखाली परत दुकानात आलं. मामाचा चेहरा कसा झाला असेल, इमॅजिन करा. इकडे मामी आठवडाभर नुसती हसत होती.

एवढ्यावर हा कॉलम संपला असता तर बरं झालं असतं. मी परत निघाले तेव्हा मामाला पुण्यातल्या मित्रांसाठी माझ्याबरोबर डबे पाठवायचे होते. बॅगेज नियम बघितले तर माणशी १२५ ग्रॅम तंबाखू. म्हणजे अडीच डबे. तिसरा डबा अर्धा कसा नेणार? खूप हसलो आम्ही. मी दोन आणले.

मार्च २०२५. मामीचा फोन. मामा दात साफ करून घ्यायला डेंटिस्टकडे गेला होता. डेंटिस्टनं जीभ बाजूला करून बघितलं आणि विचारलं, ‘इथे हा पांढरा चट्टा कधीपासून आहे?’ बायोप्सी झाली. रिपोर्ट यायला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत इकडे पुण्यात आईनं किती गणपती पाण्यात ठेवले, विचारू नका.

कॅन्सर नव्हता. पेशींमध्ये सौम्य बदल होते. डॉक्टर म्हणाले, तंबाखू आजपासून बंद, आणि दर काही महिन्यांनी येऊन दाखवायचं. पाइप ओढणारे नेहमी सांगतात, आम्ही धूर छातीत घेत नाही, तोंडातल्या तोंडात फिरवून सोडतो. बरोबर. म्हणूनच तो तोंडाला भिडतो. तोंडाचा, घशाचा कॅन्सर पाइपनंही होतो. फुप्फुसाचाही होतो. हे मामाला माहीत नव्हतं असं नाही. त्यानं ते एक्सेलमध्ये धरलं नव्हतं, एवढंच.

त्या दिवशी रॅकमध्ये १३७ डबे होते. साडेअकरा वर्षांचा साठा.

आता मला जे सांगायचंय ते इथे आहे. मामाला मी विचारलं होतं, ‘इतक्या वर्षांत कधी सोडावंसं वाटलं नाही?’ तो म्हणाला, ‘वाटलं ना. दोन-तीनदा. पण एवढे खाली भरून ठेवलेत म्हटल्यावर...’

बघा गंमत. तंबाखूवर कर कशासाठी लावतात? तिजोरी भरायला, हे तर आहेच. पण किंमत वाढली की माणूस कमी ओढतो, हेही आहे. डब्ल्यूएचओचा नेहमीचा आकडा आहे, किंमत १० टक्क्यांनी वाढली की श्रीमंत देशांत खप साधारण ४ टक्क्यांनी उतरतो, आपल्यासारख्या देशांत ५ टक्क्यांनी. आपण एवढे हट्टी असतो, पण खिशाला चटका बसला की विचार करतो. दुकान बंद झालं, आवडता ब्रँड गेला, भाव वाढला, ह्यातला प्रत्येक क्षण म्हणजे ‘आता पुरे’ म्हणायची एक संधी असते. मामानं २०१६ साली अडीच हजार डॉलर मोजून पुढच्या वीस वर्षांतल्या ह्या सगळ्या संधी एकदम विकत घेऊन टाकल्या. त्याच्या बेसमेंटमध्ये भाववाढ नव्हती, टंचाई नव्हती. थांबायला कारणच उरलं नव्हतं.

५१ वर्षांच्या मामानं ५९ वर्षांच्या मामाच्या वतीनं ठरवून टाकलं की तुला हे हवंच असणार. त्या बिचाऱ्याला विचारलंच नाही कुणी.

आणि हसू नका, आपण काही वेगळे नाही. १ फेब्रुवारी २०२६ पासून आपल्याकडे सिगारेटवर नवी एक्साइज ड्युटी लागली. हजार सिगारेटींमागे, लांबीप्रमाणे, २,०५० ते ८,५०० रुपये. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात माझ्या ओळखीच्या एका मुलानं टपरीवाल्याकडून वीस पाकिटं उचलली. बाणेरच्या आयटी कंपनीत आहे, हुशार आहे, एसआयपी वगैरे करतो. म्हणाला, ‘दोन महिने टेन्शन नाही.’ ती वीस पाकिटं पाच आठवड्यांत संपली. एरवी तो टपरीपर्यंत चालत जायचा कंटाळा करायचा, तेवढी एखादी सिगारेट वाचायची. आता पाकीट ड्रॉवरमध्येच. पैसे वाचवायला निघाला आणि जास्त ओढून बसला. मामा निदान शिस्तीचा होता, महिन्याला एकच डबा. आपल्यात ती शिस्त आहे का, स्वतःला विचारा.

मी सिगारेट ओढत नाही, म्हणून लगेच शहाणपणाच्या पाटावर बसणार नाहीये. माझा एक लाडका काजळाचा ब्रँड बंद होणार अशी बातमी आली तेव्हा मी सहा पेन्सिली घेतल्या होत्या. फ्रीलान्सरच्या त्या महिन्याच्या बजेटमध्ये सहा! दोन वापरल्या, चार सुकून गेल्या. आणि दरम्यान मला काजळ लावायचाच कंटाळा यायला लागला. सहा घेणारी मी आणि आताची मी, आमची भेटच झाली नाही.

आजीची बेगमी वेगळी होती, हे मला आता कळतंय. ती एका पावसाळ्यापुरती, एका वर्षापुरती भरायची. पुढच्या एप्रिलमध्ये परत हिशोब मांडायची. ह्या वर्षी पोरं सांडगे खात नाहीत, तर सांडगे कमी. आजोबांना साखर निघाली, तर गुळांबा बंद. दर वर्षी ती घरातल्या माणसांकडे नव्यानं बघायची आणि मग भरायची. वीस वर्षांचं लोणचं कुणी एकदम घालत नाही.

गेल्या महिन्यात मामाशी व्हिडिओ कॉलवर बोलले. चट्टा वाढलेला नाही, दाखवून आला होता. ‘१३७?’ मी विचारलं. तो जरा थांबला. ‘खोटं कशाला बोलू, १३४.’ मग घाईनं म्हणाला, ‘पण वर्षात तीन, अगं. आधी बारा व्हायचे.’

मागून मामीचा आवाज आला, ‘तिला सांग, उरलेले कधी टाकतोयस ते.’

‘टाकवत नाहीत गं,’ मामा म्हणाला. मला म्हणाला की मामीला, कळलं नाही. आप्पा गेले तेव्हा त्यांचे कपडेही त्याच्याकडून टाकवले नव्हते, आई सांगते. सहा महिने ट्रंकेत होते.

मग मी ते एक्सेल विचारलं. अजून आहे? आहे म्हणाला. रविवारी उघडलं होतं. शेवटच्या ओळीतलं ७१ त्यानं खोडलंय.

‘मग तिथे किती लिहिलंस?’

‘काही नाही. रिकामं ठेवलंय.’